अंग थोरल्याचं, इंजिन धाकट्याचं

मित्रांनो, मी एक जुनी, दोन आसनांची शर्यतीची गाडी आहे. 'मित्रांनो' म्हणते ते रीत आहे म्हणून. खरं सांगायचं तर माणूसजातीशी माझं फारसं पटत नाही. तुमच्यातल्या काहींनी मला घडवलं, एकानं मिरवलं, दोघांनी फाडलं आणि एकीनं पुन्हा जोडलं. यातल्या कोणीही मला विचारलं नव्हतं. आता कहाणी ऐकायला बसलाच आहात तर ऐका, पण माझ्या दाराला टेकू नका. रंग वाळलेला आहे, तरी मला ते आवडत नाही.

माझा जन्म विलायतेतला. तिथल्या कारागिरांनी लाकडी ठोकळ्यावर पत्रा ठेवून हातोडीनं माझं अंग वळवलं. लांब नाक, बारीक कंबर, कापडी छत, गुडघ्याएवढी दारं. माझ्यात बसलेल्या माणसाचं बूड जमिनीपासून जेमतेम वीतभर वर असतं. गुळगुळीत रस्त्यावर वाऱ्याशी पैज लावायला मला बनवलं होतं. कोणा गोऱ्या इंजिनियरानं मला हैदराबादला आणलं. तो मायदेशी परतला तेव्हा त्यानं मला उदगीरच्या चंद्रप्पा नावाच्या व्यापाऱ्याला विकलं.

चंद्रप्पाचं मोंढ्याच्या बाजारात धान्याचं आणि खताचं दुकान होतं. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, अंगावर धोतर. धोतराचा सोगा सावरत हा माणूस माझ्या स्टिअरिंगच्या चाकामागे बसला तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण गाडी तो चांगली चालवायचा, हे कबूल करते. शेजारी त्याची बायको सिद्धम्मा डोक्यावरचा पदर दातात धरून बसायची आणि 'अजून जरा जोरात' म्हणायची. त्या घरात एवढी एकच बाई मला शोभणारी होती.

कौतुकही झालं म्हणा. उदगीरच्या नवरदेवांना वरातीला मीच हवी असायची. पुढे बँडवाले आणि नाचणारे पाहुणे, मागे पहिल्या गिअरमध्ये तापत सरकणारी मी. वाऱ्याशी पैज लावणारीला बँडच्या चालीनं चालायला लावायचं, याला तुम्ही मान म्हणता. एकदा देवणी गावाजवळ काळ्या मातीत मी आसापर्यंत रुतले. देवणी जातीच्या दोन बैलांनी मला ओढून बाहेर काढलं आणि सगळा गाव बैलांच्या पाठी थोपटायला धावला. माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही.

चंद्रप्पा गेला, मागोमाग सिद्धम्मा गेली. उरले दोन मुलगे. थोरला अमृतराव, धाकटा मल्लिनाथ. दोघांचं लहानपणापासून विळ्याभोपळ्याचं सख्य. आईबापाच्या माघारी घरात वाटणी बसली. दुकान एकाला, देवणीची जमीन दुसऱ्याला. पितळी हंडे, बंगईच्या म्हणजे झोपाळ्याच्या साखळ्या, अडकित्तेसुद्धा सारखे वाटले गेले. शेवटी राहिले मी. एकानं गाडी घ्यावी, दुसऱ्यानं तिचं मोल घ्यावं, असं पंचांनी परोपरीनं सांगितलं. दोघंही मोल घ्यायला तयार नाहीत आणि सोडायलाही तयार नाहीत. बसून बसून कंटाळलेला एक म्हातारा पंच म्हणाला, मग करा की दोन तुकडे, अंग थोरल्याला आणि इंजिन धाकट्याला. तो थट्टेनं बोलला होता. या दोघांनी मान डोलावली.

दुसऱ्याच दिवशी साखळी बांधून माझ्या पोटातून इंजिन उपटून काढलं. मल्लिनाथ ते ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून देवणीला घेऊन गेला. अमृतरावानं माझं उरलेलं अंग ढकलत खताच्या गोदामात नेलं. त्या दिवसापासून दोन्ही भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. कोणाचं लग्न असलं तर एक पहिल्या पंगतीला जेवायचा आणि दुसरा शेवटच्या.

मराठवाड्यात माणसांना प्यायला पाणी मिळत नाही, लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, मग तिथल्या गाडीला गंज लागलाच कसा, असं काही शहाणे विचारतात. त्यांनी एकदा खताच्या पोत्याखाली झोपून पाहावं. युरिया हवेतली असेल नसेल ती ओल ओढून घेतो आणि लोखंड खात सुटतो. अमृतरावानं माझ्या आसनांवर पोती रचली, नाकावर पोती रचली, मागच्या डिकीत फुटक्या पोत्यांचा केर भरला. माझं बूड चाळणीसारखं झालं. दारं सडून बिजागरीवर लोंबू लागली. दसऱ्याला मात्र न चुकता झेंडूची माळ यायची. पोती हलवायची नाहीत, माळ तेवढी वरून टाकायची आणि हात जोडायचे. अशी भक्ती माझ्या वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

गोदामात माझ्याकडे येणारं एकच माणूस होतं. अमृतरावाची मुलगी वर्षाराणी. लहानपणी ती पोत्यांच्या फटीतून आत शिरायची आणि माझं चाक धरून तोंडानं गाडीचा आवाज काढायची. मला तिचा फार वैताग यायचा. ही पोरगी मोठी झाली, शिकली आणि उदगीरबाहेर जळकोट रस्त्यावर तिनं स्वतःचं गॅरेज टाकलं. मोटारसायकली, ट्रॅक्टर, जे येईल ते. अमृतरावाला हे पटलं नव्हतं. लेकीच्या गॅरेजात त्यानं कधी पाऊल टाकलं नाही. कोणी विचारलं तर पोरगी काहीतरी खटपट करते, एवढंच सांगायचा.

अशात किशनराव आला. नांदेड रस्त्यावर त्याचं मोठं हॉटेल आहे. त्याला मला हॉटेलच्या फाटकाशी सिमेंटच्या खांबावर चढवायचं होतं, डोळ्यांत रंगीत दिवे घालून, म्हणजे गिऱ्हाइकं माझ्यासमोर फोटो काढतील. अमृतराव कबूल झाला. हे कळताच वर्षाराणीनं बापाला गाठलं. मी गाडी दुरुस्त करते, तिला चालवते, खांबावर चढवू नका, असं ती म्हणाली. बाप हसला.

"बसव जयंतीला आपल्या पायानं दारात आली तर ऱ्हाईल," तो म्हणाला. "ढकलत आणलीस तर किशनरावाची."

वर्षाराणीला मी हवी होते हे खरं. पण त्याहूनही तिला बापाच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं की पोरीला जमलं. हा खटाटोप त्यासाठी होता, आणि ते मला फार लवकर कळलं.

मग माझे हाल सुरू झाले. गॅरेजात नेऊन तिनं आधी माझा सगळा रंग खरवडला. ज्याला मी अजून पत्रा समजत होते तो रंगाचा पापुद्राच निघाला, आत काही नव्हतं. तिच्याकडे वेल्डिंग करणारा देविदास होता. तो म्हणाला, भोकं पुट्टीनं भरू, वरून रंग मारू, बसव जयंतीपुरती चकाचक दिसेल. अमृतरावानंही निरोप पाठवला की कशाला कापाकापी करता, लिंपून टाका. वर्षाराणीनं कोणाचं ऐकलं नाही. जिथवर गंज गेला होता तिथवर तिनं मला कापलं आणि त्याच्याही पुढे दोन बोटं कापलं. खाली पाहिलं की फरशी दिसायची. नवा पत्रा घेऊन ती तो वाळूच्या पिशवीवर ठोकायची, माझ्या अंगाला लावून बघायची, बसला नाही की पुन्हा ठोकायची. मी तिला मनातल्या मनात शिव्या घालत होते. तिच्या हाताला भाजल्याचे डाग पडले तेव्हा मला बरं वाटलं.

अंग तयार झालं आणि इंजिनापाशी घोडं अडलं. वर्षाराणी देवणीला काकाकडे गेली. मल्लिनाथानं विहिरीवर पंप चालवायला माझं इंजिन जुंपलं होतं. पुढे विजेची मोटार आली, तेव्हा ते काढून ताडपत्रीत बांधून ठेवलं. वेळच्या वेळी तेल दिलेलं, हातानं फिरवून पाहिलेलं. प्रेमबिम काही नाही. वाट्याला आलेली वस्तू भावापेक्षा नीट ठेवायची, एवढीच ईर्षा. तुझा बाप स्वतः मागायला आला तर देईन, असं मल्लिनाथानं सांगितलं. अमृतराव म्हणाला, त्याच्या दारात माझी चप्पलसुद्धा जाणार नाही. बिचारी पोरगी देवणीला खेटे घालून थकली. शेवटी एकदा ती इंजिनाचा विषय न काढता काकाच्या बाजेवर बसून राहिली आणि चहा संपल्यावर सहज बोलली.

"काका, किशनराव तिला खांबावर चढवणार हाय. खाली मोठी पाटी लागणार, 'अमृतराव यांची गाडी'. नांदेड-लातूरचा समदा रस्ता वाचंल. तुमचं नाव कुटं येणार न्हाई."

मल्लिनाथानं कपबशी उचलून आत नेली. पण बसव जयंतीला थोडेच दिवस उरले असताना तो ट्रॉलीत इंजिन घालून गॅरेजच्या दारात हजर झाला. इंजिन देतोय ते पोरीला, गाडीला नाही, आणि ते माझंच राहील, असं त्यानं देविदासला साक्षीला ठेवून सांगितलं. वर्षाराणीनं मान डोलावली आणि त्याच्या डोळ्यांदेखत ते माझ्या पोटात बसवलं. इतक्या वर्षांनी पोटात पुन्हा आग पेटली. मला काय वाटलं ते मी सांगणार नाही.

बसव जयंतीच्या सकाळी अमृतराव पहिल्यांदा गॅरेजात आला. वाटेत लबाडी होऊ नये म्हणून आपण गाडीत बसूनच घरी येणार, असं त्यानं ठरवलं होतं. तेवढ्यात मल्लिनाथही आला. इंजिन माझं आहे, ते जाईल तिथं मी जाणार, असं तो वर्षाराणीला म्हणाला. चाकामागे पोरगी, शेजारच्या आसनावर थोरला. धाकटा मागच्या डिकीवर चढला आणि पाय आत सोडून पुढाऱ्यासारखा बसला. निघालो.

गावाकडे जाताना दोघं भाऊ अखंड बोलत होते, पण एकमेकांशी नाही. पोरीला सांग हळू चालव, माझा पत्रा खिळखिळा होईल, असं अमृतराव समोरच्या काचेला सांगायचा. पोरीला सांग गिअर बदल, माझं इंजिन गुदमरतंय, असं मल्लिनाथ आभाळाला सांगायचा. माझा पत्रा, माझं इंजिन, माझा पत्रा, माझं इंजिन. मग माझं काय होतं? नाक्याजवळच्या चढावर माझं डोकं फिरलं. टाकीत पेट्रोल होतं, ठिणगी पडत होती, तरी मी थांबले. मिरवणुकीला निघालेले लोक भगवे झेंडे खांद्यावर टाकून बघत उभे राहिले.

वर्षाराणीनं पुन्हा पुन्हा चावी फिरवली. मी दाद दिली नाही. अमृतराव खाली उतरला, धोतर झटकलं आणि किशनरावाला फोन लावायला खिशात हात घातला. मल्लिनाथ उडी मारून खाली आला आणि एकटाच मला मागून ढकलू लागला. चढावर मी तसूभरही हलले नाही. त्यानं खांदा लावला, त्याचा चेहरा लालबुंद झाला, आणि मग तो थांबून थेट थोरल्याकडे बघत बोलला.

"अण्णा, ढकलायची बी वाटणी करायची का? डावं चाक तुजं, उजवं माजं?"

अमृतरावाचा फोन हातातच राहिला. त्यानं लेकीकडे पाहिलं. वर्षाराणी मागे वळली नव्हती. तिचे हात माझ्या चाकावर होते, भाजलेले, काळे. बाप पहिल्यांदाच ते हात नीट बघत होता. त्यानं फोन खिशात टाकला, मागे आला आणि भावाच्या खांद्याला खांदा लावला.

चढ संपला, उतार लागला. वर्षाराणीनं दुसरा गिअर टाकून क्लच सोडला. म्हाताऱ्यांवर मेहेरबानी म्हणून नाही, त्या भाजलेल्या हातांसाठी मी पेटले. दोघांच्या तोंडावर काळा धूर सोडला आणि सुसाट सुटले. ढकलून सुरू झालेली गाडी थांबवायची नसते, हे पोरीला ठाऊक होतं. तिनं थांबवली नाही. आरशात दोन काळवंडलेले म्हातारे लहान लहान होत गेले.

दारात किशनराव खुर्ची टाकून बसला होता. मी त्याच्या समोर जाऊन गुरगुरत उभी राहिले. बाप कुठे आहे, असं त्यानं विचारलं. येतायत पायी, वर्षाराणी म्हणाली. तिनं माझं इंजिन बंद केलं नाही आणि ती खालीही उतरली नाही. बऱ्याच वेळानं दोघं भाऊ आले. भर उन्हात, घामानं निथळत, अमृतरावाची एक चप्पल मल्लिनाथाच्या हातात.

"काय मालक," किशनरावानं विचारलं, "आपल्या पायानं आली का ढकलत आणली?"

अमृतरावाचे हात काळे झाले होते. त्यानं ते धोतराला पुसले, आधी माझ्याकडे आणि मग लेकीकडे पाहिलं.

"आपल्या पायानं," तो म्हणाला. "माज्या पोरीनं आणली."

किशनराव मल्लिनाथाकडे वळला. थोरल्याला खोटं पाडायची अशी संधी त्याला पुन्हा मिळणार नव्हती.

"हाव," मल्लिनाथ मान डोलावत म्हणाला. "आमच्या पोरीनं."

वाटणीनंतर दोघांनी मिळून केलेलं हे पहिलं काम, आणि त्यातही निम्मं खोटं. वर्षाराणीनं चाकावर डोकं टेकलं आणि ती हमसून हमसून रडली. तिचे अश्रू माझ्या नव्या रंगावर पडत होते. खाऱ्या पाण्यानं पत्र्याचं काय होतं ते मला चांगलं ठाऊक आहे. तरी ते मी पडू दिले.

मित्रांनो, मी कोणालाही माफ केलेलं नाही. तुमच्याही घरात कुठे एखादी वस्तू पोत्यांखाली पडली असेल, तर तिला माळ घालू नका. पोती काढा. आणि उद्या वाटणीला बसाल तेव्हा जमीन वाटा, हंडे वाटा, पण जे अख्खं असल्याशिवाय चालत नाही त्याला सुरी लावू नका. पुन्हा जोडायला प्रत्येक घरात वर्षाराणी नसते.