नवतप्यातल्या पावसाची वही

मी एक जुनी वही आहे. जुनी म्हणा, जाडी म्हणा, पाठीवर डिंकाची ठिगळं आहेत म्हणा, माझी काही तक्रार नाही. पण मित्रांनो, मला खोटारडी म्हणू नका. एकदा एकाने भर दुपारी, चार माणसांसमोर मला तसं म्हटलं होतं. त्याचं पुढे काय झालं, ते ऐका.

माझा जन्म १९६० च्या डिसेंबरात, नागपूरच्या महाल भागातल्या एका बाइंडरच्या दुकानात झाला. मला बांधून घेणारे देवराव हवामान खात्यात निरीक्षक होते. त्यांनी तीनशे सहासष्ट पानं मोजून दिली आणि प्रत्येक पानावर फक्त एक तारीख लिहिली. एक जानेवारीचं एक पान, दोन जानेवारीचं दुसरं, असं थेट एकतीस डिसेंबरपर्यंत. प्रत्येक पानावर बावीस ओळी, आणि दरवर्षी त्यातली एकच लिहायची. बाइंडर हसून म्हणाला, "साहेब, लोकांची वही सालभरात संपते. ही कधी संपणार?" देवराव म्हणाले, "बावीस वर्षांनी." अहो, मला तर तिथेच घमेंड चढली!

देवरावांचं घर नागपूरच्या कडेला, हुडकेश्वरला होतं. तेव्हा तिकडे शेतंच जास्त आणि घरं मोजकी. अंगणात त्यांनी झडपांची पांढरी पेटी उभी केली, तिच्यात तापमापक लावले. शेजारी पितळी पर्जन्यमापक पुरला. कचेरीतलं काम वेगळं, हे त्यांचं स्वतःचं. रोज सकाळी साडेआठला आणि पुन्हा संध्याकाळी कमाल, किमान, वारा, ढग, पाऊस, सगळं माझ्यात उतरायचं. ते घरी नसले तर त्यांची पत्नी कौशल्याबाई आकडे वाचून चिठ्ठीवर लिहून ठेवायच्या. मात्र लिहिता लिहिता बडबडायच्याही. "चहा थंडा होऊन राहिला ना! आभाळ काय पळून जाऊन राहिलं का?"

देवरावांचा एक नियम होता. लिहिलेलं खोडायचं नाही आणि न पाहिलेलं लिहायचं नाही. एकदा ते तापाने फणफणले होते आणि कौशल्याबाई माहेरी होत्या. त्या तीन दिवसांच्या ओळी अजून कोऱ्या आहेत. अंदाजाने काहीतरी भरलं असतं तर कोणाला कळणार होतं? पण नाही. मला त्या तीन कोऱ्या ओळींचा फार अभिमान वाटतो.

बावीस वर्षं अशी गेली. १९८२ च्या शेवटच्या दिवशी मी भरले. देवराव निवृत्त झाले होते. त्यांनी मला दोघा-तिघांना दाखवलं. पाहुणे चार पानं उलटायचे, "वा, छान अक्षर आहे," म्हणायचे आणि परत ठेवायचे. अक्षर! मी मनात म्हणायची, अरे, आकडे वाचा ना! मग माझी रवानगी फळीवर झाली आणि माझ्यावर लोणच्याची बरणी आली. कव्हरावरचा तेलाचा गोल डाग तेव्हाचा. त्या दिवसांत मला खरंच रडू यायचं.

आता खेळाकडे येते. देवरावांची मुलगी लतिका बी.एस्सी.ला होती. दर रविवारी दुपारी तिच्याकडे दोन मित्र यायचे. शरच्चंद्र इंजिनिअरिंगला होता आणि केशव हिंगण्याच्या कारखान्यात पाळीवर जायचा. शरच्चंद्राच्या मामाने अमेरिकेहून एका खेळाचं पुस्तक पाठवलं होतं. हा खेळ टेबलाभोवती बसून खेळायचा, पण त्यात पट नाही की सोंगट्या नाहीत. प्रत्येकाने एक पात्र व्हायचं. एक जण सूत्रधार होतो. जगात काय घडतंय ते तो सांगतो, बाकीचे आपापलं पात्र काय करतं ते सांगतात, आणि कुठे शंका आली तर फासा टाकतात. पुस्तक शरच्चंद्राचं, म्हणून सूत्रधाराची खुर्चीही त्याचीच.

त्यांनी आपल्याकडचीच जुन्या काळातली गोष्ट रचली होती. बैलांच्या पाठीवर माल लादून तांडा निघतो, लतिकेचं पात्र नाईक, म्हणजे तांड्याचा म्होरक्या, आणि केशवचं वाटाड्या. हवा मात्र शरच्चंद्र पुस्तकातल्या तक्त्यावर रोज नवा फासा टाकून ठरवायचा. सोमवारी ऊन, मंगळवारी धुकं आणि बुधवारी, मित्रांनो, भर वैशाखात रामटेकच्या रस्त्यावर गुडघाभर बर्फ!

लतिका हसून हसून लोळली. "शरद, बर्फ? बैल काय स्वेटर घालून निघाले का?"

शरच्चंद्राला ते झोंबलं. "पुस्तकात जे आहे ते आहे. इतकी हुशार आहेस तर तू चालव ना."

"चालवीन. मले खुर्ची दे."

"एक रविवार देतो," तो म्हणाला. "पण तुझी हवा एकदा जरी खोटी ठरली, तर पुन्हा खुर्चीचं नाव काढायचं नाही. नाही ठरली तर खुर्ची कायमची तुझी."

लतिकेला ती खुर्ची मनापासून हवी होती. वर्षभर तिने डोक्यात गोष्टी रचल्या होत्या आणि सांगायला मिळत नव्हत्या. त्या संध्याकाळी तिने बरणी उचलली आणि मला खाली घेतलं. बाबांकडे जाऊन म्हणाली, "बाबा, ही मले शिकवा." देवरावांनी माझ्यावरची धूळ झटकली. मग चष्मा पुसत म्हणाले, "बस." आठवडाभर बापलेक माझ्यावर वाकलेले असायचे. किती वर्षांनी मला माणसाच्या बोटांची ऊब लागली!

लतिकेने नियम केला तो असा. बावीस वर्षांच्या बावीस चिठ्ठ्या एका पेल्यात टाकायच्या. प्रवास निघताना एक चिठ्ठी काढायची आणि तो प्रवास संपेपर्यंत त्याच वर्षाची हवा, तारखेमागून तारीख, माझ्यातून वाचायची. रोज नवी चिठ्ठी नाही. "आजची हवा कालच्या हवेतून येते," देवरावांनी तिला समजावलं होतं. "एकदम उगवत नाही." आणि ते वर्ष कोणतं, हे फक्त सूत्रधाराला ठाऊक.

तो रविवार मे महिन्यातला होता. बाहेर भाजणारी लू वाहत होती, आत कूलर घरघरत होता आणि कौशल्याबाईंनी पन्हं करून ठेवलं होतं. लतिका खुर्चीवर बसली आणि मी तिच्या मांडीवर. देवराव दाराशी पेपर वाचत असल्याचं सोंग करत होते. पेपर उलटा नव्हता, पण पान काही उलटत नव्हतं. यावेळी शरच्चंद्र नाईक झाला होता, केशव वाटाड्याच होता. मिठाची साठ पोती घेऊन पंचवीस मेला नागपूरहून निघायचं आणि पाच दिवसांत भंडाऱ्याला पोचायचं.

"कोणता महिना म्हणलं? मे?" केशव म्हणाला. "मंग नवतपा लागला ना गा!"

आता नवतपा म्हणजे काय हे नागपूरच्या माणसाला सांगावं लागत नाही. मे अखेरचे ते नऊ दिवस, सूर्य नुसता भाजून काढतो. दोघांनी एका दमात ठरवलं, ताडपत्र्या घरीच ठेवायच्या आणि तेवढ्या वजनाच्या पाण्याच्या पखाली जास्त घ्यायच्या.

लतिका फक्त म्हणाली, "नक्की?"

"नवतप्यात ताडपत्री काहून लागते वं?" शरच्चंद्र हसला.

ती वाचू लागली. पंचवीस मे, पंचेचाळीस अंश. सव्वीस मे, त्याहून जास्त. पखालींमुळे बैल वाचले आणि दोघे खूश झाले. सत्तावीस मेही तसाच. अठ्ठावीसच्या संध्याकाळी तिने सावकाश वाचलं, "वारा फिरला. आता पूर्वेकडून येतो आहे. आभाळात उंच ढग."

"येऊ दे," शरच्चंद्र म्हणाला. "चालत राहू."

पान उलटलं. "एकोणतीस मे. पहाटेपासून पाऊस. एकसष्ट मिलिमीटर. कमाल तापमान एकोणतीस."

साठ पोती मीठ उघड्यावर होतं, आणि ते विरघळत होतं.

"खोटं!" शरच्चंद्र उभाच राहिला. "नवतप्यात एकोणतीस? काकांनी जूनचा आकडा मेच्या पानावर चढवला असल. वहीच चुकीची आहे. तू हरली लतिका."

लतिकेने माझं एकोणतीस जूनचं पान उघडलं. तिथे त्याच वर्षाची ओळ होती, वेगळी, नीट भरलेली. "मागाहून भरली असल," तो म्हणाला. मग दाराकडे वळून, जरा नरमाईने, "काका, माणसाची चूक होतेच ना."

देवराव उठून आले. त्यांनी ओळीवर बोट ठेवलं. "मले तो दिवस आठवत नाही," ते म्हणाले. खोटं बोलून मुलीला वाचवणं किती सोपं होतं! पण ते देवराव होते. "इतकंच सांगतो, शरच्चंद्र. न पाहिलेलं मी कधी लिहिलं नाही."

लतिकेच्या डोळ्यांत पाणी आलं. मित्रांनो, त्या क्षणी मला तोंड असतं ना, तर मी अशी ओरडले असते की कूलर बंद पडला असता! बावीस वर्षांची इमानदारी आणि ती एका वाक्यात खोटी?

तेवढ्यात केशवने विचारलं, "कोणतं साल आहे?"

आता लपवून उपयोग नव्हता. लतिकेने चिठ्ठी पुढे केली. "एकाहत्तर."

"एकोणतीस मे एकाहत्तर?" केशवने कपाळावर हात मारला. "अबे शरद, बुडालो आपण! त्या दिवशी आमच्या प्रेमलताताईचं लग्न होतं ना गा, लकडगंजात! सकाळपासून असा पाऊस, असा पाऊस, मांडव आडवा झाला. सारं वऱ्हाड लाकडाच्या गोदामात ओंडक्यांवर बसून जेवलं. नवरदेव छत्री धरून बोहल्यावर चढला. घरी फोटो आहे, पत्रिका आहे. मी जिलेबीच्या कढईवर परात धरून उभा होतो. मले विचार ना!"

"केशव, मीठ आपलं आहे," शरच्चंद्र हळूच म्हणाला. "तू आपल्याच विरुद्ध बोलून राहिला."

"गेलं तर गेलं मीठ," केशव म्हणाला. "पाऊस आला होता तर आला होता."

मग कोणाला आधी हसू आलं ते मला आठवत नाही, पण सगळं घर हसत होतं. कौशल्याबाई पन्ह्याचे पेले घेऊन आल्या. "मीच नसंल का वाचला तो आकडा?" म्हणाल्या आणि एकदाच, पण फार ऐटीत, माझ्याकडे पाहिलं. लतिकेने मला छातीशी इतकं घट्ट धरलं की माझी शिवण करकरली. करकरू दे! मी जिंकले होते, देवराव जिंकले होते, लतिका जिंकली होती.

शरच्चंद्र मात्र दिलदार निघाला. तो देवरावांपुढे आला, वाकला आणि म्हणाला, "काका, माफ करा. ही खुर्ची आता लतिकेची. पण मले एक सांगा, वारा पूर्वेकडून सुटला तेव्हाच आम्हाले समजायले पाहिजे होतं का?"

इतक्या वर्षांत घराबाहेरच्या कोणी देवरावांना वाऱ्याबद्दल एक प्रश्न विचारला नव्हता. ते बसले आणि बोलू लागले. पन्हं संपलं, ऊन उतरलं, तरी बोलतच होते.

त्यानंतर लतिकेचे खेळ गाजले. दुसऱ्या वाड्या-वस्त्यांतून मुलं-मुली यायची, माझ्यातून नकलून न्यायची. माझी पाठ चार वेळा उसवली आणि चारही वेळा देवरावांनी स्वतः डिंक लावला.

तेव्हा मित्रांनो, एवढं ऐका. कोणी रोज उठून, न चुकता, खरं तेच लिहून ठेवलेलं तुमच्या हाती आलं, तर 'चुकलं असेल' म्हणण्याआधी ते वाचा, आणि लिहिणारा समोर असेल तर त्याला विचारा. त्याला धूळ लागू देऊ नका, बरणीखाली तर मुळीच ठेवू नका. आणि जमलं तर आजची हवा आजच लिहा. उद्या भर दुपारी, चार माणसांत तुमच्या आईबापांना कोणी खोटं ठरवायला उभं राहिलं, तर त्यांच्या बाजूने उघडायला एक पान तुमच्यापाशी हवं.