नऊ मायक्रॉन

लॅबमध्ये त्याला सगळे दादा म्हणत. त्यात प्रेमाचा भाग थोडाच होता. पीएचडीचं सातवं वर्ष लागलं की माणसाला काहीतरी म्हणावं लागतं, आणि ‘अजून इथेच?’ असं रोज तोंडावर विचारणं बरं दिसत नाही.

दादाचा विषय साखर. चहातली नव्हे. आपल्या शरीरातल्या पेशींच्या अंगावर साखरेच्या लांबलचक साखळ्यांचं एक लवलवतं आवरण असतं. ते पारदर्शक असल्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली थेट दिसत नाही. मग त्याची जाडी मोजायची युक्ती अशी : डिशमधल्या जिवंत पेशींवर प्लॅस्टिकचे अतिबारीक कण सोडायचे. कण खाली बसतात, पेशीभोवती गर्दी करतात, पण तिला टेकू शकत नाहीत. साखर त्यांना बाहेरच थोपवते. त्यामुळे प्रत्येक पेशीभोवती एक मोकळं कडं उरतं. कडं जितकं रुंद तितकी साखर जाड. थोडक्यात, चारचौघांना किती लांब ठेवता येतं यावरून ऐपत ठरवायची. ही पद्धत विज्ञानात उशिरा आली, इतरत्र ती बरीच जुनी आहे.

दादाची कडी सात वर्षं दोन मायक्रॉनची येत होती. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. दोन म्हणजे फारच चिंधी. पण चिंधी तर चिंधी, ती सात वर्षं न चुकता येत होती, आणि त्यावर दोनशे बारा पानांचा प्रबंध तयार झाला होता. प्रबंधाचं सार असं, की हे आवरण पातळ आहे आणि त्याच्यात कुणाला ढकलून द्यायचा दम नाही. सगळी भिस्त चौथ्या प्रकरणावर होती. तीन आठवड्यांनी प्रबंध सादर करायचा होता.

आणि नवी आली. म्हणजे येऊन दीड वर्ष झालं होतं, पण तिच्यानंतर कुणीच न आल्यामुळे ती नवीच राहिली. पेशी कशा वाढवायच्या, कण कसे सोडायचे, अंगठ्याने दाबून पाणी सोडायची पिपेट कशी धरायची, हे सगळं तिला दादानेच शिकवलं होतं. त्याच पेशी, तेच कण, तोच सूक्ष्मदर्शक. तिची कडी नऊ मायक्रॉनची आली.

“दादा, माझं काहीतरी चुकतंय का हो?” तिने विचारलं होतं. खरोखरच विचारलं होतं, नाटक नव्हतं. तेच जास्त लागलं.

तेव्हापासून दादाला तिचं सगळंच खुपायला लागलं. ती वेळेवर यायची ते खुपायचं, उशिरा यायची तेही खुपायचं. तिच्या खुर्चीची चाकं करकरत नसत. तिच्याशी मॅडम, म्हणजे दोघांच्या गाईड, हसून बोलत. तिच्या पेशीसुद्धा तिच्यासारख्याच गुबगुबीत आणि बिनघोर होत्या. दादाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली नेहमी मुलाखतीला आल्यासारख्या अंग चोरून बसलेल्या.

शुक्रवारी मॅडमनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. मॅडम कधी आवाज चढवत नसत. चढवला असता तर परवडलं असतं.

“सोमवारी ती सहा डिश मोजणार आहे,” मॅडम म्हणाल्या. “पुन्हा नऊ आले तर तुझं चौथं प्रकरण उभं राहत नाही. सबमिशन थांबवावं लागेल.”

“आणि दोन आले तर?”

“तर तिचं चुकलं. तू मोकळा.”

या बोलण्यातला शेवटचा भाग दादाने जपून खिशात घातला.

त्याच दुपारी त्याला घबाड सापडलं. नवी सिंकपाशी सरावाच्या डिश धूत होती. कण सोडण्याआधी पेशी खारट पाण्याने धुवायच्या असतात, म्हणजे वरचा कचरा निघून जातो. भिंतीवर दादानेच लिहून, प्लॅस्टिकचं आवरण चढवून लावलेली कृती होती : ‘तीन वेळा धुणे. जोरात.’ ‘जोरात’च्या खाली दोन रेघा. पहिल्या वर्षी त्याच्या फोटोंत कचरा दिसला म्हणून मॅडमनी भर मीटिंगमध्ये त्याची लाज काढली होती. त्या रेघा तेव्हाच्या. आणि नवी खांद्यात फोन धरून मावशीशी बोलत होती, पाणी डिशच्या कडेने हळूच सोडत होती, आणि तेही एकदाच.

“हो गं मावशी, जेवते वेळेवर,” ती सांगत होती. “अगं, आई उगाच सांगते तुला.”

कुणीही शहाणा सीनियर म्हणाला असता, बाई गं, तीनदा धू. दादा वळला आणि बाहेर येऊन कॉरिडॉरमध्ये एकटाच हसला.

त्या आनंदात शनिवार-रविवार बरे गेले. त्याची बायको दातांची डॉक्टर. ती दिवसभर साखरेच्या विरोधात बोलायची आणि हा साखरेच्या बाजूने, तरी संसार चालला होता.

“आज तिचं नाव नाही काढलंस?” तिने विचारलं. “सहा महिने तिचं कडं असं आणि तिचं कडं तसं ऐकतेय. माझ्या हातातली कडी कधी बदलली ते तरी माहितीय का तुला?”

“ती नीट धूतच नाही,” दादा म्हणाला.

“कोण? भांडी?”

“पेशी.”

“मग सांग ना तिला.”

दादाने पेपर उघडला आणि त्यातल्या छोट्या जाहिराती लक्षपूर्वक वाचायला सुरुवात केली.

सोमवारी तो सात वाजताच लॅबमध्ये पोचला. नवी दहाला येणार होती. डिश ठेवायच्या उबदार कपाटाच्या दारावर मॅडमच्या अक्षरात एक चिठ्ठी होती : ‘दुसऱ्याच्या डिशला हात लावणाऱ्याने दुसरी लॅब शोधावी.’ एकाला खरंच शोधावी लागली होती. तो आता उपकरणं विकतो, दर तीन महिन्यांनी कॅटलॉग घेऊन येतो आणि चहा घेताना त्या चिठ्ठीकडे पाठ करून बसतो.

दादाने चिठ्ठी वाचली. पण हे काही हात लावणं नव्हतं. राहिलेली पायरी पुरी करणं होतं. कृतीत तीनदा धुवा लिहिलंय, ती एकदा धुणार, म्हणजे उरलेलं दोनदा कुणीतरी धुवायलाच हवं. इतका स्वच्छ विचार त्याने प्रबंधातही कुठे केला नव्हता.

त्याने पहिली डिश काढली. जोरात धुण्याआधी पुरावा असावा म्हणून ती तिच्यासारखीच हळू धुतली, कण सोडले, ते बसेपर्यंत थांबला आणि डोळा लावला.

कडी होती. काळीभोर, रुंद, गोल. पेशींभोवतीची गर्दी अंतर राखून उभी होती. त्याने मोजलं. नऊ. दुसरं मोजलं. नऊ पूर्णांक दोन. सात वर्षांत त्याला असं एकही कडं दिसलं नव्हतं, आणि हिला खांद्यात फोन धरून दिसतं. त्याने पिपेट उचलली आणि अंगठा जीव खाऊन दाबला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा तर डिशच सरकली.

पुन्हा कण सोडले. पुन्हा डोळा लावला.

दोन.

दादा स्टुलावर तसाच बसून राहिला. समोर हुबेहूब त्याच्याच पेशी होत्या. अंग चोरून बसलेल्या, मुलाखतीला आलेल्या. म्हणजे साखर होती. पहिल्या दिवसापासून होती. सात वर्षं तो ती स्वतःच्या अंगठ्याने धुऊन टाकत होता, आणि मग फार पातळ आहे म्हणून तिच्यावर दोनशे बारा पानं लिहीत होता.

पुढचं काम सोपं होतं. उरलेल्या पाच डिश अशाच धुवायच्या, कपाटात ठेवायच्या. नवीला दोन मिळतील, तिचं चुकलं असं ठरेल, आणि हा डॉक्टर होईल. त्याने दुसरी डिश काढली. अंगठा पिपेटवर ठेवला. पण मघाशी आपण नेमकं किती जोरात दाबलं, हा प्रश्न मध्येच डोक्यात आला आणि जाईना. अर्ध्या जोराने दाबलं तर? दोनच येतील, की पाच? अंगठ्याला आकडा नसतो. त्याने खणातून छोटा पंप काढला आणि नळी लावली. अर्ध्या जोराला पाच आले. तिसऱ्या डिशला त्याहून कमी जोर, साडेसहा. चौथीला जास्त. सहावी डिश होईस्तोवर पावणेदहा वाजले होते आणि पडद्यावर बिंदूंची एक घसरगुंडी तयार झाली होती : पाण्याचा जोर वाढतो तशी साखर उतरत जाते, आणि किती जोराला किती, तेही कळतं.

दहाला नवी आली. पाठीवरची बॅग तशीच.

“दादा, माझ्या डिश कुठायत?”

“इथे.”

“सहाच्या सहा? तुम्ही धुतल्यात?”

दादाने पडदा तिच्याकडे वळवला. तिने बघितलं. जवळ जाऊन बघितलं.

“अगं बाई! म्हणजे साखर आहेच. आणि तुम्ही ती सात वर्षं...”

“हो. पुढचं बोलू नकोस.”

एकदम तिचा आवाज खाली आला. “तीन आठवडे वाढवत होते हो मी त्या. विचारायचं तरी.”

“विचारलं असतं तर दिल्या असत्यास?”

“दिल्या असत्या की!”

दिल्या असत्या. हे दादाला माहीत होतं, आणि म्हणूनच त्याने विचारलं नव्हतं. इतक्यात मॅडम आल्या. त्यांनी ग्राफ पाहिला. बराच वेळ पाहिला. मग खुर्ची ओढून बसल्या, जे त्या दादाच्या ग्राफसमोर कधी करत नसत.

“सात वर्षांत तू मला दाखवलेली ही पहिली गोष्ट, जी मला आधी माहीत नव्हती,” त्या म्हणाल्या. “पेशी कुणाच्या?”

दादाने तोंड उघडायच्या आत नवी म्हणाली, “माझ्या. मीच दिल्या दादांना. म्हटलं, तुम्हीच बघा एकदा जोरात धुऊन.”

सुटला. आता फक्त गप्प बसायचं होतं, आणि मीटिंगमध्ये गप्प बसण्याचा त्याला सात वर्षांचा अनुभव होता. त्याने नवीकडे पाहिलं. ती साध्या चेहऱ्याने उभी होती. डोळ्याच्या कडा अजून ओल्या होत्या. नऊ मायक्रॉन तिचे. पेशी तिच्या. मॅडमचं हसू तिचं. आणि आता मोठं मनही तिचंच? आयुष्यभर आपण हिच्या उपकारात, आणि ही ते कधी बोलूनही दाखवणार नाही. नऊ मायक्रॉन एक वेळ पचले असते. हे पचेना.

“खोटं बोलतेय ती,” दादा म्हणाला. “मी न विचारता घेतल्या. आज तिला दोनच मिळावेत म्हणून धुवायला काढल्या होत्या.”

“दादा, गप्प बसा ना!”

“का गप्प बसू? प्रत्येक वेळी तूच का?”

पंप अजून घरघरत होता. तो बंद करायचं कुणाला सुचलं नाही. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. कपाटाच्या दाराकडे पाहिलं.

“कितव्या डिशपर्यंत?”

“काय?”

“तिचं वाटोळं करायचं होतं, ते कितव्या डिशपर्यंत?”

दादाने विचार केला. प्रश्न आकड्याचा होता, आणि आकड्यांच्या बाबतीत तो कधी खोटं बोलला नव्हता.

“पहिल्या. ती अंगठ्याने धुतली. दुसरीपासून पंप लावला.”

“दुसरीपासून काय होतं डोक्यात?”

“किती येतंय ते बघायचं होतं.”

मॅडमनी टेबलावरचा कागद ओढला आणि त्यावर पेन्सिलीने लिहिलं : पहिली डिश बाद.

“पाच राहतात. पाच पुरत नाहीत, सगळं पुन्हा करावं लागेल. सबमिशन सहा महिने पुढे. चौथं प्रकरण फाडायचं, नवं लिहायचं. यावर जो पेपर छापून येईल, त्यावर पहिलं नाव तिचं. आणि त्या कपाटाची तुझी किल्ली तिच्याकडे दे. यापुढे डिश हवी असेल तर तिच्याकडे मागायची. मान्य नसेल तर दारावर काय लिहिलंय ते तुला पाठ आहे.”

“मान्य आहे,” दादा म्हणाला.

मॅडम गेल्या. दादाने जुडग्यातून किल्ली सोडवली. नखाने ती लवकर निघेना. नवीने हात पुढे करून ठेवला होता, तो तिने मागे घेतला नाही. किल्ली देऊन तो तिथेच घुटमळला.

“सहा डिश हव्या होत्या,” शेवटी तो म्हणाला.

“कधी?”

“तू देशील तेव्हा.”

“तीन आठवडे लागतील. पाच देईन,” नवी म्हणाली. “सहावीचं बघू. मला अजून तुमचा राग येतोय.”

एवढं बोलून तिने बॅग उतरवली, पंप बंद केला आणि सिंकपाशी जाऊन रिकाम्या डिश घासायला घेतल्या. रागावणंसुद्धा तिला किती सहज जमत होतं, हे दादाच्या लक्षात आल्यावाचून राहिलं नाही.