मासाभाऊंचं जॅकेट

हंगाम उघडायला आठ दिवस राहिले की मासाभाऊंच्या अंगात यायचं. एरवी साधा, कमी बोलणारा माणूस. पण त्या आठ दिवसांत तलावाकाठच्या बोट-शेडमध्ये त्यांच्यासमोर उभं राहायची कुणाची छाती नव्हती. एकशे चाळीस लाइफ जॅकेटं दोरीवर टांगलेली असायची आणि मासाभाऊ एकेकाची शिवण नखाने उकरून बघायचे. शंका आली की त्याला वजन बांधून टाकीत सोडायचे आणि घड्याळ लावून बसायचे. जॅकेट खाली गेलं की त्याचे पट्टे कात्रीने कापून टाकायचे, म्हणजे कुणी चुकून पुन्हा अंगात घालायला नको. बोटींच्या तळातली बुचं, वल्ह्यांच्या कड्या, इंजिनाच्या नळ्या, फेकायच्या रिंगा आणि त्यांचे दोर, सगळं स्वतःच्या हाताने. शिट्टीसुद्धा दुसऱ्याने वाजवून ‘वाजते’ म्हटलेलं त्यांना चालत नसे.

बावीस वर्षांत या तलावात एकही माणूस दगावला नव्हता. गळ टाकायला येणारे हौशी लोक, सुट्टीला पोरंबाळं घेऊन येणारी मंडळी, सगळी म्हणायची, मासाभाऊ आहेत म्हणून आम्ही निर्धास्त. मासाभाऊ मान डोलवायचे. खरं कारण एवढंच होतं की या माणसाला पाण्याची विलक्षण भीती वाटायची, आणि भीतीने माणूस जितका नेटका होतो तितका अकलेने होत नाही.

मासाभाऊंना पोहता येत नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, मग हे नाव कसं पडलं? बावीस वर्षांपूर्वी ते इथे बोटींचा जुना रंग खरवडायच्या कामाला लागले, तेव्हा थोरल्या मालकांनी विचारलं होतं, पोहता येतं ना? ते म्हणाले, येतं की. पोटासाठी माणसं याहून मोठी खोटी बोलतात. तिसऱ्या आठवड्यात थोरल्या मालकांच्या मुलाबरोबर, म्हणजे आताच्या मालकांबरोबर, ते पलीकडच्या काठावरून एक होडी आणायला गेले. वारा सुटला आणि होडी उलटली. मासाभाऊ खाली जायला लागले. मुलगा पट्टीचा पोहणारा. त्याने यांना कॉलरला धरून वर काढलं, अर्धा तलाव ओढत काठाच्या पायऱ्यांपाशी आणलं, आणि तिथे शेवाळावर पाय घसरून त्याचं कपाळ पायरीवर आपटलं. कमरेएवढ्या पाण्यात तो पालथा पडला. मासाभाऊंनी त्याला उचललं आणि दोन पायऱ्या वर आणलं. लोक धावत आले ते नेमके त्या दोन पायऱ्यांच्या वेळी.

मुलाला त्या दुपारचं काही म्हणजे काही आठवेना. थोरल्या मालकांनी सगळ्यांदेखत मासाभाऊंना मिठी मारली, कायमची नोकरी दिली, शेडवरच्या दोन खोल्या दिल्या आणि नावही त्यांनीच ठेवलं. उद्या सांगू, परवा सांगू, असं करता करता लग्न झालं, लेक झाली, थोरले मालक वारले, आणि आता सांगायचं तर कुठल्या तोंडाने, असं होऊन बसलं. दोन पायऱ्या खऱ्या होत्या. बाकीचा तलाव मासाभाऊंनी फुकटात घेतला होता.

मालकांचं काय झालं, तेही ऐका. तो पट्टीचा पोहणारा त्या दिवसापासून घोट्याच्या वर पाण्यात उतरला नाही. “मी बुडणारा माणूस,” असं स्वतःच हसत सांगायचे आणि काठावर खुर्ची टाकून बसायचे. ते तसं हसले की त्या दिवशी मासाभाऊंच्या घशाखाली घास उतरत नसे.

आणि सगळ्यात मोठी गंमत जॅकेटची. अपघातानंतरच्या पहिल्याच हंगामात मासाभाऊ जॅकेट घालून बोटीत बसायला निघाले, तर थोरल्या मालकांनी गिऱ्हाइकांसमोर ते त्यांच्या अंगातून काढून घेतलं. म्हणाले, माशाला कसलं जॅकेट? लोक खो खो हसले. तेव्हापासून अख्ख्या तलावावर जॅकेटशिवाय फिरणारा माणूस एकच, आणि तोच नेमका न पोहणारा. बोटीत ते मधोमध बसायचे, दोन्ही हातांनी फळी धरून. पाण्यात का उतरत नाही, असं कुणी विचारलंच तर कानाचा पडदा फाटलाय, डॉक्टरांनी मना केलंय, असं सांगायचे. लोक म्हणायचे, खरा पोहणारा मिरवत नाही. सुटायला म्हणून ते जे काही करत, त्याने गाठ आणखी आवळत जायची.

यंदा मात्र गोष्ट लेकीवर आली. विशीला टेकलेली पोर, बोट चालवायची परीक्षा पहिल्या फटक्यात पास झालेली. या हंगामापासून गळवाल्यांची बोट ती नेणार होती. मालकांनी बोटीला नवा रंग दिला होता, तिच्या आईने तिकीट खिडकीतून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगून झालं होतं. फक्त पोर जॅकेट घालायला तयार नव्हती. गरम होतं, मानेला टोचतं, हात वळत नाहीत, अशी शंभर कारणं. मासाभाऊंनी समजावलं, रागावून पाहिलं, दोन दिवस अबोला धरला. शेवटी ती म्हणाली, “तुम्ही घालता का?”

ती हसून पुढे म्हणाली की माशाच्या लेकीने जॅकेट घातलं तर लोक तोंडात बोटं घालतील. तिला वाटायचं, आपल्याला पोहता येतं. येत होतं ते काठाशी दहा-बारा हात मारण्यापुरतं. शिकवणार कोण? बाप शिकवू शकत नव्हता, आणि इतर कुणी शिकवायची गोष्ट काढली की बाकीचे म्हणायचे, माशाच्या पिलाला पोहायला शिकवतात होय? तलाव मध्यावर चाळीस हात खोल होता. मासाभाऊ तो आतून बघून आले होते.

मग त्यांनी ठरवलं. हंगामाच्या आदल्या दिवशी धक्क्यावर सगळ्या बोटवाल्यांची आणि नेहमीच्या गळवाल्यांची बैठक भरायची. त्यात मासाभाऊ सुरक्षेच्या चार गोष्टी सांगायचे. यंदा ते उभे राहिले आणि आधी एक जॅकेट उचलून अंगात घातलं. तिन्ही पट्टे बांधले. शिट्टी बाहेर ओढून ठेवली. लोक बघायला लागले.

“मला पोहता येत नाही,” मासाभाऊ म्हणाले. “कधीच येत नव्हतं.”

असा हशा पिकला की शेडच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. एक जाडा गळवाला पोट धरून बाकावर आडवा झाला. मासाभाऊ म्हणत राहिले की चेष्टा नाही, खरं सांगतोय. तसतसं लोक जास्तच हसले. मालकांनी डोळे पुसले आणि उठून सगळ्यांना सांगितलं की बघा, असा माणूस असतो मोठा. आपल्याला धडा मिळावा म्हणून स्वतःकडे कमीपणा घेतोय. मग कपाळावरच्या खुणेला बोट लावून त्यांनी ती जुनी हकिकत पुन्हा पहिल्यापासून सांगितली. मासाभाऊ जॅकेट घालून ती ऐकत उभे राहिले. बावीस वर्षं ज्या दाराची भीती वाटत होती ते त्यांनी आज उघडलं, तर पलीकडे भिंतच निघाली.

बैठक संपल्यावर रिवाजाप्रमाणे नव्या रंगाच्या बोटीची पहिली फेरी निघाली. लेक सुकाणूवर, बाप मधल्या फळीवर. एवढं सगळं झाल्यावर लोकांसमोर नाही म्हणणं बरं दिसलं नसतं, म्हणून तिनेही जॅकेट चढवलं होतं. काठावरची माणसं लहान दिसायला लागली तसं तिने ते काढलं आणि पायाशी टाकलं. “झालं ना आता नाटक?” ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, उलट कौतुकच होतं.

मासाभाऊंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा पाण्याकडे. काळं, सपाट पाणी होतं आणि वाराही नव्हता. त्यांनी तिला इंजिन बंद करायला सांगितलं. कशाला, ती म्हणाली. कर म्हणतो ना, ते म्हणाले. इंजिन थांबलं. त्यांनी स्वतःचे तिन्ही पट्टे चाचपून बघितले, रिंग तिच्या हाताला येईल अशी सरकवली, आणि पाय उचलून ते कडेवरून पाण्यात गेले.

पाणी डोक्यावरून गेलं. जॅकेटने त्यांना लगेच वर आणलं, पण ते त्यांना कळलंच नाही. बापपण, नोकरी, नाव, सगळं गळून पडलं आणि नुसती भीती उरली. ते ओरडत होते, पाणी गिळत होते, हात वेडेवाकडे आपटत होते. जे समोर नव्हतं ते धरायला बघत होते. लेक आधी हसली. मग तिला त्यांचे डोळे दिसले. तिने बोटीच्या कडेवर पाय ठेवला.

“जॅकेट,” मासाभाऊ किंचाळले. “जॅकेट घाल आधी.”

तिने घातलं. तिन्ही पट्टे बांधले. मग रिंग फेकली, पहिल्यांदा लांब पडली, दुसऱ्यांदा हाताशी. दोर ओढून तिने त्यांना बोटीपाशी आणलं आणि पट्ट्याला धरून आत घेतलं. मासाभाऊ बोटीच्या तळाशी पडून किती तरी वेळ खोकत राहिले. ती त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसली होती. खोकला थांबला तेव्हा तिने एकच विचारलं.

“मग मालकांना कुणी काढलं?”

मासाभाऊंनी सांगितलं. कॉलर, अर्धा तलाव, शेवाळ, दोन पायऱ्या. बावीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट दहा वाक्यांत संपली. आईला माहीत आहे का, तिने विचारलं. त्यांनी मान हलवली, नाही. तिने काठाकडे पाहिलं. शेड, वरच्या दोन खोल्या, दोरीवर वाळणारे त्यांचेच कपडे, खाली तिकीट खिडकीत आई. ती बराच वेळ बघत राहिली, आणि मासाभाऊंना कळलं की आपली पोर आता हिशेब करतेय. तोच हिशेब, जो ते रोज करत आले होते. त्यांना वाटलं, पाण्यातच राहिलो असतो तर बरं झालं असतं.

बोट परत आली तेव्हा धक्क्यापाशी गलका झाला होता. मालक पायऱ्या उतरून छातीएवढ्या पाण्यात उभे होते. पायात बूट, अंगात चांगला शर्ट, हात पुढे काढलेले. दोघा जणांनी त्यांना दंडाला धरलं नसतं तर ते आणखी पुढे गेले असते. बावीस वर्षं घोट्यावर न गेलेला माणूस तिथपर्यंत कसा आला, हे त्यांना स्वतःलाही उमगलेलं दिसत नव्हतं. “काय झालं?” त्यांनी ओरडून विचारलं. “मासाभाऊ ओरडत होते ना?”

मासाभाऊंनी तोंड उघडलं. आता सांगायचं होतं. पण लेकीने इंजिन बंद केलं आणि ती आधी बोलली.

“काही नाही, काका. माणूस पाण्यात पडला तर काय करायचं, ते बाबा मला शिकवत होते.”

आवाज जराही कापला नाही. मासाभाऊंनी तिच्याकडे पाहिलं. इतक्या सफाईने खोटं बोलायला त्यांना स्वतःला दोन-तीन वर्षं लागली होती. धक्क्यावर टाळ्या पडल्या. जाडा गळवाला म्हणाला की ओरडणं अगदी खऱ्यासारखं होतं, आपल्या तर काळजाचं पाणी झालं. आपण पाण्यात उभे आहोत, हे मालकांनी आत्ता पाहिलं. कानापर्यंत लाल झाले. “मी आपला उगाच धावलो,” ते ओशाळं हसत म्हणाले. “मला कुठे पोहता येतंय.” आणि घाईघाईने पायऱ्या चढून वर आले.

कुणीतरी त्यांना टॉवेल दिला. डोकं पुसता पुसता त्यांना एक कल्पना सुचली आणि ओशाळलेपण गेलं. असं करू या, ते म्हणाले, हंगामभर दर रविवारी सकाळी दहाला हाच प्रयोग लोकांसमोर करू. मासाभाऊंनी मध्यावर जाऊन उडी मारायची, ओरडायचं, हातपाय झाडायचे. पोरीने रिंग फेकून ओढून घ्यायचं. हे बघितल्यावर जॅकेट नको म्हणायची कुणाची हिंमत होणार नाही. फलक लावू. खुर्च्या मांडू. सगळ्यांनी माना डोलावल्या. जाड्याने पहिल्या रविवारची जागा तिथेच धरून ठेवली.

“हंगामात सव्वीस रविवार येतात,” मालक म्हणाले. “जमेल ना, मासाभाऊ?”

मासाभाऊंच्या नाकातोंडातून अजून तलावाचं पाणी येत होतं. लेकीने स्वतःच्या जॅकेटचे पट्टे सोडले नव्हते. ती खाली वाकली आणि बापाकडे न बघता रिंगेचा ओला दोर गुंडाळायला लागली.

“जमेल,” ती म्हणाली.