न मोजलेल्या पिवळ्या चिठ्ठ्या

मित्रांनो, माझ्या अंगावरची धूळ बघून नाक मुरडू नका. मी एक जुनी पत्र्याची मतपेटी आहे. चाकणच्या एका कारखान्यात, स्टोअरमधल्या कपाटावर पडून असते. माझ्याशी कोणी बोलत नाही, म्हणून आज तुम्हालाच गाठलं.

मला घडवलं रोहिदास वेल्डरने, उरलेल्या पत्र्यातून. डोक्यावर फट, पुढे कडी-कुलूप. दर दोन वर्षांनी कामगार समितीची निवडणूक व्हायची. समिती आणि साहेब मिळून कारखान्याचे नियम ठरवायचे. त्या दिवशी मला पुसून, हार घालून कॅन्टीनमध्ये ठेवत. काय माझा थाट! टाइमकीपर यशवंतराव मला उलटी करून सगळ्यांना दाखवायचे, "बघा राव, रिकामी आहे." मग फिटर काय नि माळी काय, सगळे एकाच रांगेत. कारखाना माझ्यामुळेच चालतो, असं मला वाटायचं. हसू नका!

पुढे पर्मनंट माणसं निवृत्त होत गेली, त्यांच्या जागी कंत्राटी आली. मत मात्र फक्त पर्मनंटला. यादी आखडत आखडत एक्केचाळीसवर आली.

मग तो टोकनचा नियम आला. माल तयार होतो त्या लाइनवरून पाण्याला किंवा बाथरूमला जायचं तर टोकन घ्यायचं, एका शिफ्टला दोनच. नियम हवा की नको, यावर मतदान ठरलं. आता गंमत बघा, लाइनवर सगळे कंत्राटी. मत देणारे एक्केचाळीस जण स्टोअरमध्ये नि ऑफिसात. त्यांना कसलं आलंय टोकन!

कुसुमताई जवळच्याच गावची, नऊ वर्षं लाइनवर. शुगर असलेली बाई, तिचं दोन टोकनांत कसं भागणार? ती मतदानाच्या रांगेत उभी राहिली.

"ताई, यादीत नाव नाही तुमचं," यशवंतराव म्हणाले.

"नियम आमी पाळायचा आन् इचारायचं दुसऱ्यांना, व्हय?"

तिने मालाला बांधतात ती पिवळी चिठ्ठी खिशातून काढली, मागे 'नको' लिहिलं आणि माझ्यात टाकली. यशवंतरावांनी अडवायला हात उचलला, पण तो तसाच राहिला. तिच्या मागून अख्खी लाइन आली. तीनशे सहा चिठ्ठ्या. एकेक आत पडताना मी मोजत होते.

संध्याकाळी पांढऱ्या चिठ्ठ्या मोजल्या. हवा तेहतीस, नको आठ. नियम मंजूर! पिवळ्या 'बाद' म्हणून न मोजताच यशवंतरावांनी परत माझ्या पोटात ढकलल्या आणि कुलूप लावलं. कायद्याने तेच बरोबर होतं म्हणे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कुसुमताईने कामावर पाणी पिणंच सोडलं. तिसऱ्या महिन्यात लाइनवर चक्कर येऊन पडली, ती पुन्हा आली नाही. यशवंतराव निवृत्त झाले, किल्लीही कुठेतरी गेली. मला इथे चढवलं त्याला चार वर्षं झाली. त्यानंतर निवडणूक नाही, हार नाही. फार एकटं वाटतं हो. खाली मशीन सुरू झाली की कपाट हलतं, चिठ्ठ्या आत सळसळतात. तेवढीच सोबत.

मित्रांनो, आज तुम्ही खेळाचे नियम करता, उद्या देशाचे कराल. ज्याला तो नियम पाळायचा आहे, त्याला आधी विचारा. आणि तुमच्यापैकी कोणी कधी या कारखान्यात आलं, तर मला खाली काढा. कुलूप तोडलंत तरी मी रागावणार नाही. तीनशे सहा भरतील, मला ठाऊक आहे. तरीही मोजा, सगळ्यांसमोर मोजा.