खोक्यासकट वजन

माझा मुख्य विषय रसायनशास्त्र. आंतरराष्ट्रीय व्यापार हा मायनर, म्हणजे पानात वाढलेलं नसताना मागून घेतलेलं. मागायला लावलं दादाने. तो परदेशातल्या एका गोदामात माल चढवायचा-उतरवायचा आणि माझी जादा फी भरायचा. "घरात एक तरी माणूस कागदावर माल हलवणारा हवा," म्हणायचा. "पाठीवर हलवायला मी आहेच."

त्याचा फोन आला की आईचे दोन प्रश्न ठरलेले. जेवलास का? वजन किती? "साठ," तो बिनधास्त ठोकून द्यायचा. खरा आकडा बावन्न होता. तो मला एकटीला माहीत. आई तरी म्हणायचीच, "अजून थोडं वाढव."

एका सकाळी त्याच्या नंबरवरून दुसरंच कुणी बोललं. गोदामातला रॅक कोसळला, दादा खाली सापडला. कंपनीच्या साहेबाने दुःख व्यक्त केलं आणि त्याच दमात सांगितलं, की देह पाठवणं खर्चिक आहे, इथेच उरकतो, संमती द्या.

"देऊन टाक," काका म्हणाले. "परक्या मुलखात आपलं कोण ऐकतंय? उगाच हात दाखवून अवलक्षण."

मला इतका संताप आला की रडायचंच राहून गेलं. करारात लिहिलेलं कुणी आपणहून देत नाही, मागावं लागतं, हे वर्गात शिकले होते. दादाचा करार काढला. कामगाराला परत पाठवण्याची जबाबदारी मालकाची, असं त्यात चक्क होतं. तेवढं एक वाक्य धरून मी हात धुवून कंपनीच्या मागे लागले. रोज मेल, रोज फोन, प्रत्येक मेलची प्रत वकिलातीला. व्यापार शिकवणाऱ्या सरांना एक शंका विचारली. त्यांनी ती नीट सोडवली आणि वर म्हणाले, "प्रकल्पाला विषय छान आहे." काय बोलणार अशा माणसाशी? शेवटी साहेब नमला. मायनरचा उपयोग झाला म्हणायचा.

विमानतळाच्या मालविभागात आई माझ्याबरोबर आली. आजूबाजूला टीव्हीची खोकी, औषधांचे ड्रम. कारकुनाने मान वर न करता कागद पुढे सरकवला. पाठवणारा, घेणारा, मालाचं वर्णन, वजन. हेच रकाने मी परीक्षेत भरले होते आणि पैकीच्या पैकी मिळवले होते. मी सही करणार तेवढ्यात आईने डोकं पुढे घातलं. आकडे तिला वाचता येतात.

"एकशे चाळीस?" ती म्हणाली. "अगं, हा आपला नाही! आपला साठचा. यांनी दुसराच कुणी पाठवलाय."

तिचा चेहरा उजळला होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. आणि तो मलाच विझवायचा होता.

"आई, वजन खोक्यासकट धरतात. आत पत्रा असतो, बाहेर लाकूड."

तिने त्या आकड्यावर बोट ठेवलं.

"मग त्याचं एकट्याचं किती?"

मी कागद वरपासून खालपर्यंत पाहिला. तसा रकानाच नव्हता. कारकुनाला विचारलं.

"ते आम्हाला लागत नाही," तो म्हणाला.

"मला लागतं," आई म्हणाली. "लिही गं. साठ लिही."

मी सही केली आणि तिच्याशेजारी साठ लिहिलं.