न बघितलेले पत्ते

वरची उन्हाची खोली मला आजारी आईसाठी हवी होती, आणि धाकट्या दिरांनी ती पोकरवर लावली. शेवटच्या डावाला आमच्या पैजेच्या चकत्या सारख्याच होत्या; हा डाव जिंकेल त्याची खोली. पत्ते बघण्याआधीची सक्तीची पैज, म्हणजे ब्लाइंड, माझ्यावर आली की भावजी हमखास पैज वाढवत आणि मी घाबरून पत्ते टाकून डाव सोडत असे.

"वहिनी, देव पाण्यात ठेवलेत ना?"

मी मात्र त्यांच्या हातांवर नजर ठेवून होते. त्यांनी पत्त्यांना न शिवताच चकत्या सरकवल्या. म्हणजे इतका वेळ ते माझ्या भित्रेपणावरच खेळत होते!

माझ्याकडे जेमतेम नव्वी-सत्ती होती. "सगळ्या लावते," मी हळूच म्हणाले.

आता कुठे त्यांनी पत्ते उचलले, बघितले आणि टाकून दिले. खोली आईची झाली.

भावजी शेजारी खेळ बघत बसलेल्या जाऊबाईंकडे वळले. "मी पत्ते न बघताच पैज वाढवतो, हे तूच वहिनींना सांगितलंस ना?"