नाल्यापर्यंतचा रस्ता

जाताना

अंजनगाव सुर्जीत सरकारी निधीतून सायकलवाल्यांसाठी आणि पायी चालणाऱ्यांसाठी रस्ता झाला. तो नाल्याशी येऊन थांबला. पलीकडे बाजार, आणि तिथवर नुसते ट्रक. वच्छलाबाई पन्नाशीत याच रस्त्यावर सायकल शिकली होती. आता तिला बाजारात एकटीनं जायचं होतं, पोराच्या मोटारसायकलीमागं पिशवीसारखं लटकून नाही. पण पहिला तुकडा वापरात दिसला, तरच दुसऱ्याला निधी. तेच पाहायला अमरावतीहून अधिकारी रश्मी मॅडम दुपारी येणार होत्या.

येताना

आल्या सकाळीच. रस्त्यावर सोयाबीन.

या टोकापासून त्या टोकापर्यंत, कडेला वीतभर जागा सोडून. गुळगुळीत, उन्हातला, बिनट्रकांचा रस्ता दिवाळीच्या तोंडावर रिकामा कोण ठेवेल? वच्छलाबाईचंही पसरलेलं होतं. दुपारपर्यंत उचलू, म्हणाली होती.

"हा सायकलमार्ग आहे की खळं?" मॅडमनी विचारलं.

"दोनी," शेजारीण परवीन म्हणाली. "जरा कडेनं चाला मॅडम, दाना फुटते."

"गेला निधी," वच्छलाबाईचा पोरगा किशोर आईच्या कानाशी पुटपुटला. "माय, बस आता जलमभर माह्या मागं."

पुन्हा जाताना

ऊन चढलं होतं, दाणा खालीवर करायला हवा होता. वच्छलाबाई चपला काढून सोयाबीनमध्ये उतरली, पाय घासत निघाली. मागं नांगरासारखं तास उमटत गेलं. बाजूनं परवीन. मग साऱ्या बाया.

त्या टोकाला.

या टोकाला.

त्या टोकाला.

"रोज एवढं चालता?" मॅडम.

"वाळेपर्यंत."

"आणि सायकल?"

"मले येते. पाहाता?"

कडेच्या वीतभर पट्टीवरून वच्छलाबाई निघाली. डुगडुगली, सावरली, घंटी वाजवत सुटली. नाल्याशी पाय टेकून उभी राहिली, बाजाराकडं पाहत.

"काय झालं? पुढं जा ना," मॅडमनी लांबून हाक दिली.

"कशी जाऊ? रस्ताच नाई न."

मॅडमना हसू आलं, आणि ते आवरेना.

"माझ्याकडून पुढच्या तुकड्याला होकार," त्या म्हणाल्या. "पण अर्धा रस्ता सायकलीला मोकळा ठेवायचा. कबूल?"

"कबूल," परवीन बाकीच्यांच्या आधी म्हणाली. "मंग त्या तुकड्याचा उरलेला अर्धा माह्या तुरीले."